मुरतं कमी, साचतं जास्त: फ्लोराइडच्या लेपाविषयी एका आईच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सात वर्षांची आहे, नव्या दाढा नुकत्याच आल्या आहेत. डॉक्टरांनी वर्षातून दोनदा फ्लोराइडचा लेप लावायला सांगितलंय. आम्ही मूळचे यवतमाळ जिल्ह्यातले, बोअरचं पाणी पिऊन वाढलो, माझ्या स्वतःच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग आहेत. फ्लोराइडनेच दात खराब होतात, तर मुलीला पुन्हा तेच कशाला? आणि लावलं तरी दातात नेमकं किती मुरतं? मागच्या वर्षी एका शिबिरात तिला जेल लावली होती, तरीही एक दाढ किडलीच.

ताई, तुमच्या या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतले आहेत. मी मधला आधी घेतो, ‘किती मुरतं’ हा. त्याचा उलगडा झाला की उरलेले दोन निम्मेअधिक सुटतात.

दाताचं बाहेरचं पांढरं आवरण, म्हणजे इनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. दाढेच्या टोकाशी त्याची जाडी दोन-अडीच मिलिमीटर भरते. साधं पाणी पिणाऱ्या माणसाच्या दातात फ्लोराइड मोजलं तर अगदी वरच्या काही मायक्रॉनमध्ये (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ते हजार ते तीन हजार पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत तितके भाग, सापडतं. तिथून केसाच्या जाडीइतकं आत गेलात की आकडा धाडकन खाली येतो, शंभर-पन्नासवर. आता तुलनेसाठी शुद्ध फ्लोरापॅटाइट घ्या. सगळी जागा फ्लोराइडने भरलेलं हे खनिज, त्यात ते सुमारे ३८,००० पीपीएम असतं. म्हणजे आपल्या दाताची सगळ्यात वरची साल घेतली तरी ती त्याच्या एक दशांशालाही पोचत नाही. ‘फ्लोराइड लावलं की दातावर चिलखत चढतं’ हे जे आम्ही लोकांना सांगत आलो, ते या हिशोबात बसत नाही.

मी हे पुस्तकात वाचलं होतं, पण पटलं ते प्रयोगशाळेत. एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या, प्रबंधासाठी मी तारा बसवण्याआधी काढून टाकलेल्या उपदाढा गोळा करायचो. प्रत्येक दाताच्या अर्ध्या भागावर जेल लावायची, उरलेला अर्धा नेलपॉलिशने झाकायचा, मग ठरावीक जागी आम्लाचा थेंब ठेवून वरचा पातळ थर विरघळवायचा आणि त्यातलं फ्लोराइड इलेक्ट्रोडने मोजायचं. पहिल्या आठवड्यात आकडे असे उसळले की मी हॉस्टेलवर चहा पाजला. मग आमच्या सरांनी सांगितलं की तेच दात एक अख्खा दिवस पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात बुडवून ठेव आणि मग मोज. हे द्रावण इनॅमलच्या स्फटिकांना हात लावत नाही, पण पृष्ठभागावर सैल धरलेलं फ्लोराइड धुऊन नेतं. दुसऱ्या दिवशी मोजलं तर माझ्या उसळलेल्या आकड्यातला बराचसा भाग गायब. मी जे मोजलं होतं ते दातातलं नव्हतंच, दातावरचं होतं.

वरून धुऊन गेलेला तो भाग म्हणजे कॅल्शियम फ्लोराइडसारख्या पदार्थाचे बारीक बारीक गोळे. तोंडातलं फ्लोराइड साधारण शंभर पीपीएमच्या वर गेलं की दाताच्या आणि लाळेतल्या कॅल्शियमशी त्याची गाठ पडून हे गोळे तयार होतात. दाताच्या पृष्ठभागावर, दातावर चिकटलेल्या जिवाणूंच्या थरात, सुरू होऊ घातलेल्या किडीच्या छिद्रांत ते साचतात. जुन्या पिढीतले संशोधक याला वाया गेलेलं फ्लोराइड समजत. त्यांचा सगळा आटापिटा ते स्फटिकात घट्ट कसं बसेल यासाठी होता. बिबी यांनी १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला सोडियम फ्लोराइडचं द्रावण मुलांच्या दातांना लावून पाहिलं. त्यानंतर नट्सन यांची पद्धत आली: २ टक्के द्रावण, दर आठवड्याला एक असे चार वेळा, वयाच्या ३, ७, ११ आणि १३व्या वर्षी, म्हणजे नवे दात येतील तसतसं. १९६३मध्ये ब्रुडेवोल्ड आणि सहकाऱ्यांनी द्रावणात फॉस्फोरिक आम्ल घातलं, कारण पृष्ठभाग किंचित कोरला गेला की फ्लोराइड जास्त शिरतं. तुमच्या मुलीला शिबिरात लावली ती जेल बहुधा त्याच वंशातली. जितकं जास्त शिरेल तितका दात पक्का, असं सगळं गणित होतं.

या गणिताला शार्कने सुरुंग लावला. शार्कच्या दाताचं बाहेरचं कवच जवळजवळ शुद्ध फ्लोरापॅटाइटचं असतं, निसर्गाने आयतं बनवलेलं चिलखत. नॉर्वेतले ओगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शार्कच्या कवचाचे तुकडे माणसांच्या तोंडात बसवले, शेजारी माणसाच्या इनॅमलचे तुकडे ठेवले, आणि दोन्हींवर जिवाणूंचा थर साचू दिला. काही आठवड्यांत शार्कच्या तुकड्यांतही कीड सुरू झाली. माणसाच्या इनॅमलपेक्षा कमी, पण झाली. शिवाय साधं मानवी इनॅमल ठेवून रोज फ्लोराइडच्या पाण्याने चूळ भरायला लावली, तर त्यानेही शार्कच्या तोडीचं संरक्षण मिळालं. म्हणजे स्फटिकात कोंडलेल्या फ्लोराइडपेक्षा स्फटिकाभोवतीच्या ओलाव्यात मोकळं फिरणारं फ्लोराइड जास्त कामाचं. डेन्मार्कचे फेयेरस्कोव्ह वगैरे मंडळी १९८१पासून हेच सांगत होती. शार्कने त्यावर शिक्का मारला.

ते मोकळं फ्लोराइड करतं काय? आपण गोड किंवा पिठूळ खाल्लं की जिवाणू आम्ल बनवतात. दाताजवळचा पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५च्या खाली गेला की इनॅमलमधून कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटायला लागतं. लाळेने आम्ल निवळलं की त्यातलं काही परत बसतं. हे रोज होतं, कितीतरी वेळा होतं. सुटण्यापेक्षा बसणं कमी पडत गेलं की कीड लागते. अशा वेळी दाताच्या ओलाव्यात फ्लोराइड अगदी एक पीपीएमपेक्षाही कमी असलं तरी चालतं: ते स्फटिकांच्या पृष्ठभागाला चिकटून विरघळणं मंदावतं आणि परतीच्या प्रवासातल्या कॅल्शियम-फॉस्फेटला ओढून घेतं. जो नवा थर बसतो त्यात फ्लोराइडही असतं, त्यामुळे तो आधीपेक्षा थोडा जास्त आम्ल सोसतो. आणि वर म्हटलेले ते गोळे आम्ल आलं की विरघळायला लागतात, म्हणजे फ्लोराइड नेमकं हवं त्या वेळी बाहेर येतं. एरवी लाळेतली प्रथिनं आणि फॉस्फेट त्यांच्यावर पापुद्रा धरून त्यांना सांभाळतात.

म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्या आयांना सांगतो, लेप म्हणजे माठ भरून ठेवणं. मुरतं कमी, साचतं जास्त. आणि माठ रिकामा होतो. किती दिवसांत होईल ते घरात पाणी किती लागतं यावर, म्हणजे दिवसातून किती वेळा गोड खाणं होतं यावर. वर्षातून दोनदा लेप हे सर्वसाधारण प्रमाण आहे. ज्या मुलाच्या चार-पाच दाढा आधीच किडल्यात त्याला मी दर तीन महिन्यांनी बोलावतो.

या सगळ्याला एक अपवाद आहे. काही जागी फ्लोराइड खरोखरच मुरतं. नुकताच उगवलेला दात अजून पुरता पक्का झालेला नसतो. तोंडात आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं लाळेतलं खनिज घेऊन तो घट्ट होत राहतो, आणि त्या काळात फ्लोराइडही जास्त घेतो. दुसरी जागा म्हणजे कीड सुरू होताना हिरडीच्या कडेला दिसणारा खडूसारखा पांढरा ठिपका. तो आतून सच्छिद्र असतो, त्यामुळे धडधाकट इनॅमलपेक्षा कितीतरी पट फ्लोराइड धरतो. असे ठिपके लेप, ब्रश आणि खाण्याचा आवर यांच्या जोरावर पुन्हा चकचकीत आणि टणक झालेले मी पुष्कळ पाहिलेत. तुमची मुलगी सात वर्षांची, सहाव्या वर्षाच्या दाढा आता कुठे पूर्ण वर येताहेत. डॉक्टरांनी सांगितलेली वेळ बरोबर आहे.

मग जेल लावूनही दाढ का किडली?

मुलीला न पाहता खात्रीने सांगता येणार नाही, पण शक्यता तीन. पहिली, दाढेच्या वरच्या खोल खाचा. फ्लोराइडचा सगळ्यात चांगला उपयोग गुळगुळीत भागावर होतो. खाच इतकी अरुंद असते की ब्रशचा केसही तळाशी पोचत नाही, आणि तिथे साठलेल्या अन्नाला लेपाचं काही सोयरसुतक नसतं. खाचांवर उपाय म्हणजे सीलंट, खाच बुजवणारा पातळ राळेचा थर. टोचायचं नाही, कोरायचं नाही, दाढ कोरडी ठेवता आली की दहा मिनिटांचं काम. लेप सुचवला पण सीलंटबद्दल कोणी बोललं नसेल तर पुढच्या भेटीत आपणहून विचारा. दुसरी शक्यता, किडलेली दाढ दुधाची असेल आणि कीड दोन दाढांच्या मधल्या फटीत आधीपासून असेल. ती कडा तुटेपर्यंत डोळ्यांना दिसत नाही, लहान एक्स-रेमध्येच दिसते. जेल लावली त्या दिवशी ती आत पसरलेली होती, एवढंच. खड्डा पडल्यावर वरून लावलेला लेप तो भरून काढत नाही. (अशा खड्ड्यांसाठी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं द्रावण आहे, २०२१पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. कीड थांबवतं, पण जागा कायमची काळी करतं. पुढच्या दातांवर ते लावायचं का, हे आईवडिलांनी आरशासमोर उभं राहून ठरवावं.) तिसरी शक्यता सगळ्यात साधी: एकदाच लावलं, नंतर वर्षभर माठ कोरडा.

जेलबद्दल थोडं स्पष्ट बोलतो, कारण शिबिरांत ती अजून सर्रास वापरली जाते. या जेलमध्ये १.२३ टक्के फ्लोराइड असतं, म्हणजे दर मिलिलिटरला १२.३ मिलिग्रॅम. एका ट्रेभर पाच मिलिलिटर जेल घेतली तर ६१ मिलिग्रॅमच्या वर. शरीराच्या वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅम फ्लोराइड पोटात गेलं तर धोका मानून दवाखाना गाठावा, असा संकेत आहे. पंधरा किलोच्या मुलाला ही मर्यादा ७५ मिलिग्रॅम. किती जवळ आहे बघा. माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. मी हौसेने ट्रे काठोकाठ भरला, चार वर्षांच्या पोराने त्यातली निम्मी गिळली आणि माझ्या अॅप्रनवर ओकून मोकळा झाला. कपभर दूध पाजलं, कारण दुधातलं कॅल्शियम फ्लोराइडला बांधून ठेवतं, आणि दोन तास समोर बसवून ठेवलं. त्याला काही झालं नाही. मला मात्र अक्कल आली. सहा वर्षांखालच्या मुलांना जेल नाही, फक्त व्हार्निश, हा नियम मी तेव्हापासून मोडलेला नाही, आणि तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात.

तुमच्या डॉक्टरांनी ‘लेप’ म्हटलंय ते हेच व्हार्निश असणार. ५ टक्के सोडियम फ्लोराइड, म्हणजे २२,६०० पीपीएम, राळेत मिसळलेलं. १९६४मध्ये जर्मनीत ते पहिल्यांदा आलं. आकडा जेलपेक्षा मोठा दिसतो, पण लागतं पाव मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे साडेपाच-पावणेसहा मिलिग्रॅम. लाळ लागली की ते दातावर घट्ट बसतं आणि जेलच्या चार मिनिटांऐवजी कित्येक तास फ्लोराइड सोडत राहतं. त्या वेळात गोळे साचतात. कॉक्रेन या, वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या, २०१३च्या आढाव्यात व्हार्निश लावलेल्या मुलांत कायमच्या दातांच्या पृष्ठभागांवरची कीड सरासरी ४३ टक्के आणि दुधाच्या दातांवरची ३७ टक्के कमी आढळली. याचा अर्थ शंभरातल्या ४३ मुलांना कीडच लागत नाही, असा नाही. जिथे दहा पृष्ठभाग किडले असते तिथे पाच-सहा किडतात, असा घ्या. जेलचा आकडा २०१५च्या आढाव्यात कायमच्या दातांसाठी २८ टक्के आला.

लेपाच्या दिवशी काय करायचं? तिला जेवूखाऊ घालून आणा. आधी मशीनने पॉलिश करून घ्यायची गरज नाही. ब्रशने दात घासलेले असले की पुरे, आणि पॉलिशचा आग्रह कोणी धरला तर नम्रपणे नको म्हणा. लेप पिवळसर दिसतो, दुसऱ्या दिवशी जातो. चार तास कडक, चिकट, गरम काही नको: चिक्की नाही, गरम चहा नाही. वरणभात, दहीभात चालेल. त्या रात्री ब्रश नाही. हिरड्यांना जखमा असतील किंवा राळेची, म्हणजे चिकटपट्टीच्या गोंदासारख्या गोष्टींची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. दम्याच्या मुलांचंही आधी कळलेलं बरं.

आता यवतमाळ.

तुमच्या दातांवरचे डाग म्हणजे दंतफ्लोरोसिस, हे तुमच्या वर्णनावरून जवळपास नक्की वाटतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही भागांत खडकांतलं फ्लोराइड बोअरच्या पाण्यात उतरतं. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडचं मानक १ मिलिग्रॅम प्रतिलिटर, दुसरा स्रोत नसेल तर १.५पर्यंत चालवून घेतात. पण हे डाग दात हिरडीच्या आत बनत असताना पडतात. पुढच्या कायमच्या दातांसाठी जन्मापासूनची पहिली तीन-चार वर्षं नाजूक. तेव्हा पोटात गेलेलं जादा फ्लोराइड इनॅमल बनवणाऱ्या पेशींच्या कामात अडथळा आणतं, इनॅमल सच्छिद्र राहतं. दात बाहेर आल्यावर त्या छिद्रांत चहाचा वगैरे रंग बसून पांढऱ्याचं तपकिरी होतं. एकदा दात तोंडात आला की वरून लावलेल्या फ्लोराइडने त्या दाताला फ्लोरोसिस होऊच शकत नाही. आत अजून बनत असलेल्या दाढांना प्रश्न येतो तो रोज गिळल्या जाणाऱ्या मात्रेचा. हिशोब करा: बोअरच्या पाण्यात ३ मिलिग्रॅम प्रतिलिटर फ्लोराइड असेल आणि मूल रोज लिटरभर पीत असेल तर दोन लेपांचं सगळं फ्लोराइड गिळलं तरी ते चार दिवसांच्या पाण्याइतकं होतं. घाबरायचं तर पाण्याला घाबरा.

त्यामुळे माझा प्रश्न उलटा आहे: मुलगी लहानपणी कुठलं पाणी प्यायली? शहरात नगरपालिकेचं पाणी पिऊन वाढली असेल तर तुमचे डाग आणि तिचा लेप यांचा काही संबंध नाही. गावी बोअरच्या पाण्यावर वाढली असेल तर आधी ते पाणी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. कँडलच्या फिल्टरनेही जात नाही. आरओने बऱ्यापैकी कमी होतं. तिथल्या मुलांना फ्लोराइडच्या गोळ्या किंवा थेंब अजिबात नकोत. लेप मात्र कीड असेल तर तिथेही लावावा. फ्लोरोसिसचे दात किडत नाहीत हा गैरसमज आहे. सच्छिद्र, खडबडीत झालेला दात कधी कधी लवकर तुटतो आणि मग किडतोही.

लेपापेक्षा मोठं काम रोजचं आहे आणि ते घरात होतं. पेस्टच्या ट्यूबवर फ्लोराइडचा आकडा शोधा. आपल्याकडे पेस्टमध्ये १००० पीपीएमची कमाल मर्यादा आहे, आणि किती आहे ते छापणं बंधनकारक आहे. आकडाच नसेल तर ती बिनफ्लोराइडची. कितीतरी आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या पेस्ट अशाच असतात. सात वर्षांच्या मुलीला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे: ती सगळी गिळली तरी पाव मिलिग्रॅम. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी. आणि आता एक सांगतो, ज्यावर घरोघरी आज्या माझ्याशी भांडल्यात. पेस्ट झाल्यावर खळखळून चूळ भरायची नाही. थुंकायचं, तोंड पुसायचं, संपलं. आपण पिढ्यान्‌पिढ्या ‘नीट खळखळून धू’ शिकवलं, आणि नुकतं भरलेलं फ्लोराइड बेसिनमध्ये ओतत आलो. रात्री झोपताना घासल्यावर तर पाण्याचा घोटही नको, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि त्या वेळी माठ भरलेला हवा. शाळेतून आल्यावर चहात बिस्किट, पाचला वेफर्स, सातला अजून एक बिस्किट असं चालत असेल तर दर खेपेला आम्ल होतं. तेवढंच खाणं जेवणाबरोबर एकदाच दिलं तरी मोठा फरक पडतो.

राहता राहिले तुमचे डाग. लेप लावून ते जाणार नाहीत. डाग वरवरचे असतील तर आम्ल आणि बारीक पावडरने वरचा अगदी पातळ थर घासून उजळता येतात, पांढरे ठिपके असतील तर त्यांच्यात राळ भरून बाकीच्या दाताशी रंग मिळवता येतो. खोल तपकिरी असतील तर मात्र पुढच्या दातांवर पातळ कवचं बसवावी लागतात. पहिल्या दोन पद्धती आधी करून पाहा, दात कोरून कवच बसवायला घाई करू नका. आणि पुढेमागे सिरॅमिकची कॅप किंवा कवच बसवलंच तर त्यानंतर स्वतःसाठी आम्लयुक्त जेल कधीही लावून घेऊ नका. तिने सिरॅमिकची चकाकी जाते, न्यूट्रल, म्हणजे आम्ल नसलेला प्रकार मागून घ्या.